सुईने काढलेला तुकडा

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येला बेहाला नावाचे एक विस्तीर्ण उपनगर आहे. कलकत्त्याला आता कोलकाता म्हणावयाचे, हे मला ठाऊक आहे. परंतु जुन्या जिभेला जुनी सवय सुटत नाही. ह्या बेहाल्यात मी गेली पस्तीस वर्षे राहत आहे. येथील डायमंड हार्बर रोडवरून एके काळी जोक्यापर्यंत ट्राम जात असे. आता त्याच रस्त्याच्या माथ्यावरून, २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून, मेट्रो धावते. खाली मात्र मासळीच्या टोपल्या, चहाची दुकाने आणि संध्याकाळचा अड्डा हे सारे जसेच्या तसे आहे. मी मूळचा साताऱ्याकडचा. व्यवसायाने विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोग्याच्या शरीरातून काढलेले मांसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे नाव सांगणारा माणूस. आमच्या धंद्यातील मनुष्याची रोग्याशी सहसा गाठ पडत नाही. रोगी शस्त्रवैद्याला ओळखतो, परिचारिकेला ओळखतो. काचपट्टीवर डोळा लावून बसलेल्या आमच्यासारख्याचे नाव त्याला अहवालाच्या तळाशी सहीपुरते दिसते, आणि तेही वाचता येईलच असे नाही.

अशा स्थितीत शेजारचे मास्टरमोशाय एके दिवशी सायंकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पाकीट घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा मला थोडे आश्चर्यच वाटले. वय अडुसष्ट. चाळीस वर्षांच्या आसपास त्यांनी शाळेत भूगोल शिकविला. ‘डॉक्टरबाबू, हे कागद जरा पाहा, पण घरात कोणाला बोलू नका,’ असे म्हणून त्यांनी दार लोटून घेतले. पाकिटात रक्ततपासणीचा एक कागद होता आणि मूत्ररोगतज्ज्ञाची चिठ्ठी होती. चिठ्ठीत प्रोस्टेट ग्रंथीची चित्रतपासणी आणि त्यानंतर बायॉप्सी करून घेण्याविषयी लिहिले होते. तारीख पाहिली, तर चिठ्ठीला अकरा महिने होऊन गेले होते. एवढे दिवस हा कागद कोठे होता, असे विचारता मास्टरमोशाय म्हणाले, ‘ॲटलासमध्ये. दक्षिण अमेरिकेच्या पानात. तेथे आमच्या घरात कोणी जात नाही.’

ते हसले, मीही हसलो. परंतु अकरा महिने एक मनुष्य आपली भीती दक्षिण अमेरिकेत दडवून ठेवतो, ह्याला काही कारण असले पाहिजे. ते कारण त्यांनी मग सांगितले. त्यांच्या थोरल्या बंधूंना ह्याच ग्रंथीचा कर्करोग झाला होता. त्यांची बायॉप्सी झाली आणि वर्षाच्या आत ते गेले. ‘सुई लागली आणि रोग चवताळला. माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे.’ हा समज एकट्या बेहाल्याचा नाही. साताऱ्यात, नागपुरात, बेळगावात मी तो ऐकला आहे; भाषा बदलते, समज तोच राहतो. म्हणूनच ह्या सुईविषयी, तिने काय कळते आणि काय कळत नाही ह्याविषयी, आज आपल्याशी बोलावे असे मनात आले.

प्रथम ग्रंथीची ओळख करून घेऊ. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला सभोवार वेढून बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी केवळ पुरुषांच्या शरीरात असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. वीर्याचा काही द्रवभाग निर्माण करणे हे तिचे काम. आपल्या पारिभाषिक कोशांत तिला अष्ठीला किंवा पुरःस्थ ग्रंथी म्हटले आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा, कठीण दगड. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीला नावाचा एक प्रकार सांगितला असून, दगडासारखी गाठ उत्पन्न होऊन मलमूत्राचा अवरोध होतो असे त्याचे वर्णन आहे. तो रोग आणि आजचा रोग एकच, असे विधान मी करणार नाही; परंतु ह्या भागात दगडासारखे काही लागते हा अनुभव जुना आहे, एवढे मात्र खरे.

पन्नाशीनंतर पुष्कळ पुरुषांत ही ग्रंथी वाढू लागते. रात्री तीन-तीन वेळा उठावे लागते, धार बारीक होते, ती सुरू व्हायला वेळ लागतो. ही वाढ बहुधा निरुपद्रवी असते. ती ग्रंथीच्या आतल्या भागात, मूत्रमार्गाच्या अगदी शेजारी होते आणि म्हणूनच तिचा त्रास लवकर जाणवतो. कर्करोगाचे तसे नाही. त्यातील सुमारे ७० टक्के कर्करोग ग्रंथीच्या बाहेरच्या, पाठीमागच्या सालीत उत्पन्न होतात. तेथून मूत्रमार्ग दूर. त्यामुळे रोग वर्षानुवर्षे आवाज न करता बसून राहू शकतो. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लघवीचा त्रास आहे म्हणून कर्करोग असेलच असे नाही, हे लोकांना पटते. पण त्रास काहीच नाही म्हणून कर्करोग नसेलच असेही नाही, हे पटवून देताना डॉक्टरांची दमछाक होते.

पाठीमागची साल गुदाशयाला लागून असल्यामुळे डॉक्टरला हातमोजा घातलेल्या बोटाने ती चाचपता येते. नाकाच्या शेंड्यासारखी मऊ लागली तर ठीक. बोटाच्या पेराच्या हाडासारखी कठीण गाठ लागली तर शंका. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि तिच्या लाजेपायी आमच्याकडच्या किती पुरुषांनी आयुष्य गमावले असेल, ह्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. बोटाला जे लागत नाही त्यासाठी रक्ताची तपासणी आली. प्रोस्टेट ग्रंथी एक विशिष्ट प्रथिन निर्माण करते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीएसए म्हणतात. वीर्य पातळ करणे हे त्याचे नैसर्गिक कार्य. त्याचा अल्पसा अंश रक्तात उतरतो. हे प्रथिन १९७९ मध्ये अमेरिकेत शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. १९८६ मध्ये रोगाच्या पाठपुराव्यासाठी आणि १९९४ मध्ये रोग हुडकण्यासाठी ह्या तपासणीला तेथील शासनाची मान्यता मिळाली. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसली.

मास्टरमोशायांचा आकडा ७.२ होता. त्यांनी मला विचारले, ‘म्हणजे मला कर्करोग आहे?’ ह्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते. पीएसए हे ग्रंथीचे लक्षण आहे, कर्करोगाचे नव्हे. ग्रंथी नुसती वाढली तरी ते चढते. तिला जंतुसंसर्ग झाला तर फारच चढते. लघवीसाठी नळी घातली असेल, आदल्या दिवशी वीर्यपात झाला असेल, तरी आकडा फुगतो. पाश्चात्त्य देशांतील अनुभव असा की, ४ ते १० ह्या पट्ट्यात असणाऱ्या चार पुरुषांपैकी सुमारे एकात बायॉप्सीमध्ये कर्करोग सापडतो. तिघांत सापडत नाही. उलट बाजूही आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, ज्यांचा आकडा ४ च्या आत होता अशा जवळजवळ तीन हजार पुरुषांची बायॉप्सी केली, तेव्हा त्यांपैकी १५ टक्क्यांत कर्करोग आढळला. तेव्हा ४ ही लक्ष्मणरेषा नव्हे. ओसरीवर कोणाची तरी चाहूल लागली, एवढेच हा आकडा सांगतो. पाहुणा आहे की चोर, हे दार उघडून पाहावे लागते.

ते दार म्हणजे बायॉप्सी. जिवंत ऊती प्रत्यक्ष पाहणे असा ह्या शब्दाचा ग्रीक मुळातील अर्थ असून, तो बेनिये नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८७९ मध्ये रूढ केला. प्रोस्टेटमध्ये सुई घालण्याची कल्पना १९३० च्या दशकातील. ब्वेनोस आयरेस येथील आस्त्राल्दी ह्यांनी १९३७ मध्ये गुदाशयाच्या वाटेने सुई घालून तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे पन्नास वर्षे डॉक्टर एका बोटाने गाठ चाचपत आणि त्या बोटाच्या रोखाने सुई सोडत. गाठ लागली तर ठीक, नाहीतर अंदाज. जपानमध्ये वातानाबे ह्यांनी १९७० च्या सुमारास श्रवणातीत ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने, गुदाशयातून ग्रंथीचे चित्र मिळविले आणि सुईला प्रथमच डोळे आले. १९८९ मध्ये स्टॅनफर्ड येथील हॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंतून, वर, मध्ये आणि खाली, असे सहा तुकडे नेमाने काढण्याची पद्धत घालून दिली. पुढे सहाचे दहा-बारा झाले.

आज ती क्रिया अशी होते. प्रथम चुंबकीय चित्रण, ज्याला सगळे एमआरआय म्हणतात, ते केले जाते. त्यात संशयास्पद जागा दिसल्यास तिला एक ते पाच असे गुण देतात. चार-पाच म्हणजे शंका बळकट. ही चित्रणाची पायरी आधी घालण्याने बरेच साधते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अकरा देशांतील प्रयोगात ५०० पुरुष होते. ज्यांचे चित्रण आधी केले त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना सुई लावावीच लागली नाही. आणि तरीही घातक प्रकारचा कर्करोग त्या गटात ३८ टक्क्यांत सापडला. नेहमीच्या ठरावीक सुयांच्या गटात तो २६ टक्क्यांतच सापडला होता. निरुपद्रवी, न सापडला असता तरी चालले असते असा कर्करोग पहिल्या गटात ९ टक्के, तर दुसऱ्यात २२ टक्के निघाला. म्हणजे कमी टोचून अधिक उपयोगाचे कळले.

सुई घालण्याच्या वाटा दोन आहेत. जुनी वाट गुदाशयातून जाते. रोगी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजतो, बोटाएवढ्या जाडीचा सोनोग्राफीचा दांडा आत बसवितात, बधिर करण्याचे औषध टोचतात आणि स्प्रिंगच्या जोरावर सुटणारी सुई क्षणार्धात जाऊन परत येते. ‘टक्’ असा कागद टाचण्याच्या यंत्रासारखा आवाज होतो. पुष्कळांना दुखण्यापेक्षा तो आवाजच लक्षात राहतो. दुसरी वाट वृषणांच्या मागे आणि गुदद्वाराच्या पुढे जी त्वचा आहे तिच्यातून जाते. पहिल्या वाटेत विष्ठेतील जंतू सुईबरोबर ग्रंथीत आणि तेथून रक्तात जाण्याचा धोका असतो. आपल्या देशात प्रतिजैविकांचा जो सुळसुळाट झाला आहे, त्यामुळे हे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून त्वचेच्या वाटेकडे जगभर कल वाढला आहे, आणि मला तो योग्य वाटतो. कोणत्याही वाटेने गेले तरी दोन-चार दिवस लघवीतून किंचित रक्त जाते, वीर्यात तर ते काही आठवडे दिसते. त्याला घाबरू नये. परंतु थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अडली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी. आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता ह्या तुकड्यांचे पुढे काय होते ते सांगतो, कारण हा माझा प्रांत आहे. प्रत्येक तुकडा शेवईच्या काडीसारखा असतो. जाडी एक मिलिमीटरहून कमी आणि लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास. तो फॉर्मॅलीनच्या बाटलीत टाकतात. ग्रंथीच्या कोणत्या भागातला, हे बाटलीवर लिहिलेले असणे अत्यावश्यक. एका ठिकाणाहून माझ्याकडे बाराही तुकडे एकाच बाटलीत कोंबून आले होते. गिऱ्हाइकाने भाज्या एकाच पिशवीत घ्याव्यात तसे. त्या तुकड्यांत रोग होता, पण तो डाव्या बाजूचा की उजव्या, हे सांगणे अशक्य झाले. असो. रात्रभर प्रक्रिया करून तुकडा मेणात बसवितात, त्याचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ काप घेतात, काचेवर चढवून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवितात. आणि मग आम्ही पाहतो.

येथे एक हिशोब करू. बारा तुकड्यांचे मिळून आकारमान काढले आणि वाढलेल्या, ४० ग्रॅमच्या ग्रंथीशी ताडून पाहिले, तर हजार भागांतील तीन-चार भागांहून अधिक काही आमच्या हाती येत नाही. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. पण भात सगळा एका आधणात शिजलेला असतो. म्हणून एक शीत पुरते. प्रोस्टेटचे साम्य भाताशी नाही, धान्याच्या पोत्याशी आहे. बाजार समितीत व्यापारी पोत्यात पोकळ, टोकदार सळई खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतो आणि त्यावरून मालाचा भाव ठरवितो. आमची सुई हुबेहूब त्याच घडणीची आहे. परंतु पोत्याच्या एका कोपऱ्यात कीड असेल आणि सळई दुसऱ्या कोपऱ्यात गेली असेल, तर हातावरचे दाणे स्वच्छच दिसणार.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गृहस्थाच्या सहा तुकड्यांचा अहवाल मी लिहिला होता, ‘कर्करोग नाही.’ ते दोन शब्द घेऊन तो मनुष्य आनंदाने गेला. पुन्हा पीएसए करावे, पुन्हा दाखवावे, असे त्याला वाटलेच नाही, का वाटावे? तीन वर्षांनी तो आला तेव्हा रोग मणक्यांत शिरला होता. मी त्या जुन्या काचपट्ट्या कपाटातून काढून पुन्हा पाहिल्या. एकदा नव्हे, तीन वेळा पाहिल्या. त्यांत कर्करोग खरोखरच नव्हता. माझे डोळे चुकले नव्हते, माझे वाक्य चुकले होते. त्या दिवसापासून आजवर मी ‘कर्करोग नाही’ असे कधी लिहिले नाही. ‘पाठविलेल्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही’ असे लिहितो. वाक्य लांबते, टंकलेखक कुरकुरतो, तरी लिहितो. श्रोत्यांपैकी कोणाच्या हाती असा अहवाल आला, तर तो ह्या अर्थाने वाचावा आणि पीएसए चढतच राहिले तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

कर्करोग सापडला तर पुढचा प्रश्न, कोणत्या जातीचा. ह्याचे उत्तर देण्याची रीत मिनियापोलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन ह्यांनी १९६६ मध्ये घालून दिली, आणि थोड्याफार फेरफाराने आजही जगभर तीच चालते. त्यांनी एक मोठी विलक्षण गोष्ट केली. एकेका पेशीचा चेहरा पाहत बसण्याऐवजी त्यांनी सूक्ष्मदर्शकाची शक्ती कमी ठेवून पेशींची वस्ती कशी वसली आहे, ते पाहिले. मास्टरमोशायांना मी हे नकाशाच्या भाषेत समजाविले. उंचावरून गाव पाहावे. गल्ल्या आखीव, घरे सुटी सुटी, प्रत्येकाला अंगण. ही झाली निरोगी ग्रंथी. घरे लहान झाली, दाटीने बसली, पण प्रत्येक घर अजून वेगळे ओळखू येते. ही तिसरी प्रत. घरे एकमेकांत मिसळली, भिंती पडल्या, चौथी. गाव राहिलेच नाही, नुसती माणसे सैरावैरा पसरली आहेत, ती पाचवी. तुकड्यात सर्वांत जास्त दिसणारी प्रत अधिक दुसऱ्या क्रमांकाची प्रत, अशी बेरीज करून गुण देतात. पहिल्या दोन प्रतींचा वापर सुईच्या तुकड्यांत आता जवळजवळ होत नाही; त्यामुळे व्यवहारात बेरीज तीन अधिक तीन, म्हणजे सहापासून सुरू होते आणि दहापर्यंत जाते.

ह्यामुळे एक मोठाच घोटाळा होतो. दहापैकी सहा ऐकले की रोग्याला वाटते, आपण अर्ध्याच्या पलीकडे गेलो. वस्तुतः सहा ही सर्वांत सौम्य पायरी आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एक ते पाच असे नवे गट केले. सहाचा गट पहिला. सातात मात्र तीन अधिक चार आणि चार अधिक तीन असे दोन वेगळे गट पाडले आहेत, कारण बेरीज सारखी असली तरी पहिल्यात सौम्य भाग जास्त आणि दुसऱ्यात उग्र भाग जास्त. शाळेच्या गणितात हे दोन्ही समान. रोग्याच्या आयुष्यात नव्हे.

राहिला प्रश्न सुईने रोग पसरण्याचा. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत, हे मी लपविणार नाही. पण ती इतकी विरळ आहेत की, त्यांच्या भयाने तपासणी टाळणे म्हणजे वीज पडेल म्हणून शेतात न जाणे होय. मी मास्टरमोशायांना त्यांच्या बंधूंचे कागद आणावयास सांगितले. वहिनींनी ते ट्रंकेत जपून ठेवले होते. बायॉप्सीच्या आधी वर्षभर त्यांची कंबर दुखत होती. वाताचा विकार म्हणून तेल चोळणे चालू होते. बायॉप्सीच्या आधीच्या आठवड्यातील पीएसए शेकड्यांत होते आणि हाडांच्या चित्रणावर मणके, खुबे, फासळ्या सगळीकडे ठिपके होते. तारखा मी एका कागदावर ओळीने लिहिल्या. रोग पसरला होता तो सुईच्या आधी. सुईने फक्त त्याचे नाव सांगितले. भूगोलाच्या शिक्षकाने तो तारखांचा कागद बराच वेळ पाहिला. मग ते एवढेच म्हणाले, ‘दादांनी आधी दाखवायला हवे होते.’ मी आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, आणि ती सांगताना मला जड गेले. सख्ख्या भावाला हा रोग असला, की आपल्याला तो होण्याचा संभव सुमारे दुप्पट होतो. ज्या कारणासाठी ते सुई टाळत होते, तेच कारण सुई लावून घेण्याचे होते.

बेहाल्यातील मनुष्याला ह्या कामासाठी फार दूर जावे लागत नाही. बेहाल्याला लागून असलेल्या ठाकुरपुकुर येथे डॉ. सरोज गुप्त ह्यांनी १९७३ मध्ये स्थापन केलेले कर्करोग रुग्णालय आहे. हाजरा येथील चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन २ जानेवारी १९५० रोजी इरेन झोलियो-क्युरी ह्यांच्या हस्ते झाले. म्हणजे रेडियमच्या घराण्यातील कन्येनेच त्याचे दार उघडले. ह्या हाजरा रोडवरच आम्हा कलकत्त्याच्या मराठी मंडळींचे महाराष्ट्र निवास आहे, आणि गणेशोत्सवाच्या निमित्ताने तेथे जमणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना मी दरवर्षी मोदकांनंतर हा विषय काढून बेजार करतो. न्यू टाऊनमध्ये २०११ पासून टाटा मेडिकल सेंटरही आहे. सोयी आहेत. कमी आहे ती वेळेवर जाण्याची.

मास्टरमोशायांचे चित्रण झाले. उजव्या बाजूला चार गुणांची एक जागा दिसली. बायॉप्सीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. नेहमीच्या बारा आणि त्या जागेतील दोन, असे चौदा तुकडे काढले. काचपट्ट्या मी मुद्दाम स्वतः तपासल्या नाहीत. शेजारधर्म आणि सूक्ष्मदर्शक ह्यांची गल्लत करू नये. पाच दिवसांनी अहवाल आला. चौदापैकी दोन तुकड्यांत कर्करोग, तीन अधिक तीन, सहा. मास्टरमोशाय म्हणाले, ‘दहापैकी सहा. आमच्या शाळेत ह्याला प्रथम श्रेणी म्हणत.’ त्यानंतर तज्ज्ञांनी त्यांना सांगितले की, तूर्त काहीच करावयाचे नाही. नुसती नजर ठेवावयाची. तेव्हा मात्र मास्टरमोशाय खवळले. ‘कर्करोग आहे म्हणता आणि काही करायचे नाही म्हणता! मग मला चौदा वेळा टोचलेत कशाला?’

त्यांचा राग मला रास्त वाटला, कारण ह्या विषयातील सर्वांत अवघड गाठ तीच आहे. म्हाताऱ्या पुरुषांच्या शवविच्छेदनात असा मंद कर्करोग कितीतरी जणांत आढळतो. ते त्याच्यासह जगले आणि दुसऱ्याच कारणाने गेले. असा रोग शोधून काढून त्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार केले, तर लघवीवरचा ताबा जाणे, पुरुषत्व जाणे, आतड्यांचा त्रास होणे हे भोग पदरी पडू शकतात, आणि आयुष्य वाढतेच असे नाही. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना तीन गटांत वाटले होते: एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तिसऱ्यावर केवळ देखरेख. १५ वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेलेले तिन्ही गट मिळून तीन टक्क्यांहून कमी, आणि गटागटांत लक्षणीय फरक नाही. देखरेखीच्या गटात रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होते. तेव्हा देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हेही त्याच आकड्यांनी सांगितले.

मग सरसकट सर्वांची रक्ततपासणी करावी काय? युरोपातील आठ देशांत दीड लाखाहून अधिक पुरुषांवर ह्याचा प्रयोग झाला आणि २३ वर्षांचा ताळेबंद २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीला बोलाविलेल्या दर ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. तो एक टळावा म्हणून जास्तीच्या बारा जणांना, तुम्हाला कर्करोग आहे, असे ऐकावे लागले. हा सौदा लाभाचा की तोट्याचा, हे त्या एकाला विचारावे की त्या बारांना, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. आपल्या देशाच्या शासकीय तपासणीत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख ह्यांचे कर्करोग आहेत, प्रोस्टेट नाही. आणि आपल्या साधनांचा विचार करता मला ते योग्य वाटते. परंतु खासगी प्रयोगशाळांनी दिवाळीच्या सवलतीत सर्वांगतपासणीच्या नावाखाली ऐंशी वर्षांच्या आजोबांचेही पीएसए करून द्यावे आणि कुटुंबाला घोर लावावा, हे मला मुळीच योग्य वाटत नाही. पंचावन्न ते एकोणसत्तर ह्या वयात डॉक्टरांशी बोलून, फायदे-तोटे ऐकून तपासणी करावी की नाही ते ठरवावे. बाप किंवा भाऊ ह्या रोगाने गेला असेल तर हा विचार त्याआधीच सुरू करावा. सत्तरीनंतर, त्रास नसेल तर, सहसा त्या वाटेला जाऊ नये. कंबरेचे हाड रात्रंदिवस दुखत असेल, तर मात्र वय न पाहता दाखवावे.

मास्टरमोशायांना मी हे आकडे सांगितले. त्यांनी ते एका वहीत उतरून घेतले, आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाले की, नदीला पूर येणार की नाही हे माहीत नसले तरी पातळी रोज मोजतात, तसे हे आहे. मला ह्याहून चांगले सुचले नसते. सहा महिन्यांनी त्यांचे पीएसए झाले, ६.९ आले. वहिनींना आणि मुलाला त्यांनी सगळे सांगितले आहे. बेहाला चौरस्त्याजवळच्या चहाच्या दुकानात त्यांनी हा विषय आपण होऊन काढला, आणि अड्ड्यावरचे दोघे जण गुपचूप आपापले जुने कागद मला दाखवून गेले. त्यांपैकी एकाचा आकडा २२ होता आणि कागद दोन वर्षांचा होता. त्याला मी दुसऱ्याच दिवशी ठाकुरपुकुरला घेऊन गेलो. मास्टरमोशायांची पुढची सुई येत्या फाल्गुनात आहे. ती चिठ्ठी ॲटलासमध्ये नाही. स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकविली आहे.